नऊपैकी नऊ वेळा

४ नोव्हेंबर, सकाळ

बारके,

पत्राच्या आरंभी समोरच्याचे कुशल विचारावे असा प्रघात आहे. मला तो अधिकार उरला आहे की नाही हे अद्याप ठरलेले नसल्यामुळे ती जागा कोरी ठेवते. पत्र कोणाचे हे पाकिटावरच्या अक्षरावरून तुला कळले असेल. तरीही ते फाडले नसशील तर शेवटपर्यंत वाचावेस, एवढी विनंती. हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

परवा मावशी येऊन गेली. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे बोलून झाल्यावर चपला घालता घालता म्हणाली, "बारकी बोटाचं टोक कापून घेतेय, ठाऊक आहे का? पुढल्या महिन्याची वीस तारीख मिळालीय. तिथला डॉक्टर म्हणाला, नस खराब झालीय, दुसरा इलाज नाही." वर तिने पुढे जोडले, "तुला काय त्याचं म्हणा! तू उंटावरची शहाणी. निकाल देऊन मोकळी झालीस."

कोणते बोट, हे मला विचारावे लागले नाही. डाव्या हाताची अनामिका. बावीस वर्षांपैकी तीन ती आपल्या घरात दुखली आणि एकोणीस घराबाहेर.

मात्र हे पत्र मावशीमुळे लिहीत नाही. मावशी येण्याच्या आठ दिवस आधी मी एका इस्पितळाच्या त्वचाविभागात गेले होते. माझ्या कानशिलावर तपकिरी खवल्यासारखा एक उंचवटा आला आहे. तो वयाचा आहे आणि राहू द्यावा, असे पुढे ठरले. त्याचे काही नाही. सांगायचे आहे ते बाहेरच्या खोलीतले.

लांबट खोली, एका बाजूला काचाच काचा, आणि काचांपलीकडे इतके दाट धुके की इमारत पाण्यात उतरवली आहे असे वाटावे. माणसे बाकांवर अशी पसरली होती, जसे बाबा कार्यशाळेत दुरुस्तीला आलेले नकाशे धुऊन टिपकागदावर वाळत घालत: एकमेकांना न चिकटता, कडा सांभाळून. माझ्या समोर पन्नाशीचा एक रंगारी बसला होता. कोपरापर्यंत चुन्याचे शिंतोडे. डाव्या हाताच्या अनामिकेवर त्याने तान्ह्या मुलाचा लोकरी मोजा चढवला होता, आणि त्या बोटावर अंगठा असा धरला होता की छप्पर व्हावे पण स्पर्श होऊ नये.

ती मूठ मी ओळखली. काही क्षण माझी अशी खात्रीच झाली की तू त्या खोलीत आहेस, फक्त तुझा हात तेवढा मला दिसतो आहे आणि बाकीची तू धुक्यात आहेस.

कोणी तरी बाहेरचे दार उघडले. गार झुळूक आत आली आणि रंगारी कमरेत वाकला. त्याची बायको ओरडली, "दार लावा हो ते!" मग त्याने मान वर केली आणि मी पाहते आहे हे पाहून म्हणाला, "बाई, हे बोट नाही, घरचा जावई आहे. ह्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी हात धूत नाही."

पाच मिनिटांनी तो आत गेला. आतून एक किंकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ हसणे. दुखल्यावर हसणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच ऐकला. बाहेर येऊन त्याने बायकोला सांगितले, "सापडलं गं! नाव आहे त्याला! मी वेडा नाही!"

एकोणीस वर्षांपूर्वी तुझ्या बोटाची तपासणी घरी रीतसर झाली होती आणि तीत काही आढळले नव्हते, हे तुला व मला माहीत आहे. म्हणून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. वीस तारीख पुढे ढकलावीस, एवढेच सुचवते. कापलेले टोक परत लावता येत नाही. पुढे ढकललेली तारीख परत धरता येते.

ताई


११ नोव्हेंबर, दुपार

बारके,

तुझे उत्तर नाही. उत्तर न येणे म्हणजे नकार असे मी वर्गात कधी मान्य केले नाही, म्हणून येथेही करत नाही.

मी पुन्हा त्या इस्पितळात गेले. या खेपेस कानशिलाचे निमित्तही नव्हते. रंगारी होता, त्याच्या बोटाचा आतला फोटो काढून झाला होता आणि सर्जनच्या तारखेसाठी तो थांबला होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि किती वर्षे, असे विचारले.

"अकरा. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलानं आलं नि ठाण मांडून बसलं. आठ डॉक्टर केले. एकानं मानेचा पट्टा दिला. एकानं दात काढला."

"दात?"

"सडका होता म्हणे. निघाला, बरंच झालं. बोट आहे तिथंच." मग आवाज उतरवून, "शेवटच्यानं हिला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही भांडणतंटा आहे का. तेव्हा ही रडली. मला वाटलं, आता हिलाही पटलं."

बायको म्हणाली, "पटलं नव्हतं हो. पण दिसत तर काहीच नव्हतं."

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंना गाठले. चाळिशीच्या असतील, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहतात. मी नातेवाईक आहे, रुग्ण दूर आहे आणि रुग्णाशी माझे बोलणे नाही, असे तिन्ही सांगितले. त्यांनी तिसऱ्यावर भुवई उचलली, पण कागद ओढून पेन्सिलीने एक बोट काढले.

त्या म्हणाल्या ते असे. आपल्या कातडीत रक्तवाहिन्यांच्या बारीक बारीक गुंडाळ्या असतात. थंडी पडली की त्या मिटतात, ऊब आली की उघडतात. अंगाची ऊब राखणे हे त्यांचे काम. बोटांच्या टोकांशी, नखाखाली, त्यांची दाटी असते. क्वचित, अगदी क्वचित, त्यांपैकी एखादी वाढून गोळी होते. ती पसरत नाही, जिवाला अपाय करत नाही. पण नखाखाली तिला जागा नसते आणि थंडीचा निरोप तिला इतरांपेक्षा शंभरपट मोठ्याने ऐकू येतो.

"केवढी असते?" मी विचारले.

"मोहरीएवढी. फार तर मसुराच्या डाळीएवढी."

"मग इतकी वर्षे कोणाला कळत कसे नाही?"

"दिसत नाही ना. जे दिसत नाही ते लोक सांगणाऱ्याच्याच माथी मारतात. माझ्याकडे अशी माणसं येतात ती बहुतेक मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. येतात तेव्हा आधी माफी मागतात, बरं का. त्रास देतोय म्हणून."

गाठ सगळीच्या सगळी काढली तर दुखणे जाते. कण राहिला तर परत येते. बोटाचे टोक कापण्याची गरज नसते. हे शेवटचे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

तेव्हा तुला तीन प्रश्न. थंड पाण्याने दुखणे उठते का? नखाच्या मुळाशी, पांढऱ्या चंद्राजवळ, निळसर झाक आहे का? दंड घट्ट आवळून धरला तर दुखणे ओसरते का? केवळ हो किंवा नाही लिहिलेस तरी पुरे.

एक अवांतर. हल्ली जेवणानंतर मला झोप लागते. आज त्या झोपेत आपली कार्यशाळा होती. सगळ्या परातींत पाणी भरलेले, आणि पाण्यात कागद मंद श्वास घेत होते. किनाऱ्याच्या रेघा वर येत आणि खाली जात. बाबा अनवाणी त्या परातींमधून चालले होते. मी विचारले, कोणाचे काम आहे हे? ते म्हणाले, "आधी लिही, मग हात लाव." स्वप्न हा पुरावा होत नाही, हे मीच चौतीस वर्षे शिकवले. म्हणून त्याच्यापुढे काही लिहीत नाही.

ताई


१९ नोव्हेंबर, सकाळ

बारके,

तुझे कार्ड काल आले. ते मी येथे उतरवून काढते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे याबद्दल पुढे वाद नको.

"ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं हो, हो आणि हो. चौथा तू विचारला नाहीस. टाचणीचा. तुझ्या डॉक्टरीणबाई टाचणी लावून बघतात की नाही? मी इथे वाचनालयात जाऊन वाचलं, लावतात. तो प्रश्न का गाळलास ते आधी लिही, मग पत्ता पाठव. दया नको आहे, वकीलबाई. नोंद दुरुस्त करून हवीय. तोवर वीस तारीख कायम."

ठीक आहे.

माझ्या पहिल्या पत्रातले "तपासणीत काही आढळले नव्हते" हे विधान खोटे आहे. आढळले होते. ते मी तुझ्याविरुद्ध वापरले.

कार्यशाळेचा नियम तुला ठाऊक आहे: फाटका कागद हाती आला की चिकटवण्याआधी त्याची अवस्था वहीत लिहायची. काय दिसते ते आधी, काय वाटते ते नंतर. वही मी लिहीत असे, कारण अक्षर माझे चांगले होते आणि मी तर्कशास्त्र शिकवत असे. पुढे घरातली भांडणेही त्याच वहीत येऊ लागली. आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी एकोणीस. तुझी वेणी मी घालत होते आणि तुझे निवाडेही मीच करत होते. ही सवय किती वाईट होती, हे मला त्या वेळी दिसले नाही.

मग तो नदीचा नकाशा. ओल्या कागदाला वजन असते, बळ नसते. गार पाण्याच्या परातीतून तो उचलताना तू हात झटकलास आणि तो उगमापासून मुखापर्यंत फाटला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काम तसेच परत पाठवले. तू म्हणालीस, "बोट दुखलं." तीन वर्षे तू हेच म्हणत होतीस, आणि तीन वर्षे पाण्यातले काम दुसऱ्या कोणावर तरी पडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला टेबलापाशी बसवले. धुतलेल्या मलमलीने डोळे बांधले. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. काचेच्या डोक्याची टाचणी घेतली, टोक नव्हे, डोके. आणि तुझ्या अनामिकेवर तीस वेळा दाबत गेले. पेरावर, कडेला, नखावर, उलटसुलट क्रमाने. त्या तीसांत नखाच्या मुळाशी डावीकडे, एकच ती जागा, मी नऊ वेळा घेतली. नऊपैकी नऊ वेळा तू ओरडलीस. इतर एकवीस वेळा एकदाही नाही. मधेच मी "आता दाबते" म्हणाले आणि दाबले नाही. तेव्हा तू गप्प होतीस.

निःपक्षपाती माणसाने यावरून एकच गोष्ट ठरवली असती. मी वेगळी ठरवली. वीस वर्षांहून अधिक काळ मी उत्तरपत्रिका तपासत होते. तीच गोष्ट, त्याच जागी, अक्षराचाही फरक नाही, असे दिसले की ती नक्कल, हे माझ्या हाडीमांसी खिळले होते. माझे म्हणणे असे झाले की खरे दुखणे सरकते, पसरते, कमीजास्त होते. इतके नेमके असते ते पाठांतर. तू एवढी अचूक होतीस म्हणूनच तू मला खोटी वाटलीस.

वहीतली नोंद ही. "सूज नाही. ताप नाही. नखाच्या मुळाशी निळसर डाग (शाई). दुखण्याची जागा प्रत्येक वेळी तीच. निष्कर्ष: सराव केलेले." शाई हा शब्द मी कंसात घातला. डाग पुसून पाहिला नाही. बाबांनी खाली सही केली. त्या आठवड्यात तू गेलीस.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याची तपासणी कशी केली हे मी त्यांना विचारले होते. त्यांनी ट्रेमधून टाचणी उचलली, उलटी धरली आणि म्हणाल्या, "हिच्या डोक्यानं. दुखणं टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत असेल तर ती गाठच." जे माझ्या हातून सिद्ध झाले होते ते मी परक्याच्या तोंडून ऐकत होते. दुसऱ्या पत्रात ते लिहायला घेतले आणि गाळले. का गाळले, तर तू ते लक्षात आणून देशील या भीतीने. दुसरे कारण नाही.

आणखी एक, जे तुला कोणी सांगितलेले नाही. बाबा गेले त्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला विचारले, "आपण बारकीच्या बाबतीत चुकलो का गं?" मी म्हणाले, "नवा पुरावा आहे का?" ते म्हणाले, "पुरावा नाही. वाटतं." मी म्हणाले, "वाटणं वेगळं, बाबा." त्यांनी पुन्हा विचारले नाही. सही करून ते विसरले, असे तुला एवढी वर्षे वाटत असणार. ते विसरले नव्हते. त्यांना मी गप्प केले.

ते पान वहीतून काढून सोबत पाठवते. जुन्या शाईखाली मी आज लिहिले आहे: "वरील निष्कर्ष चूक. दुखणे खरे होते. तपासणाऱ्याने पुरावा उलटा वाचला." तारीख आणि सही केली आहे. पत्ता पानाच्या मागे आहे.

ताई


१ डिसेंबर, सकाळ

बारके,

सोमवारी सकाळी दहाला तू इस्पितळात येशील आणि मुक्काम मावशीकडे करशील, असे मावशीने सांगितले. "तुझ्याकडे उतरणार नाही, ते मनात आणू नकोस," हेही तिने चवीने सांगितले. मनात आणले नव्हते. खोटे कशाला, आणले होते. चादर बदलली होती.

इमारत सापडायला अवघड नाही. मुख्य दाराने आत येऊन उजवीकडचा जिना घ्यावास. डावीकडचा लहान मुलांच्या विभागात जातो. जिन्यावर वारा असतो, हातमोजा काढू नयेस. दुसऱ्या मजल्यावर काचांची ती खोली. मी तेथे असेन. तुला नको असेल तर टोकाच्या खिडकीपाशी बसेन. तेथून फक्त पाठ दिसते.

रंगाऱ्याचे बोट गेल्या मंगळवारी झाले. त्याने मला फोन केला. "बाई, पट्टीवरून बर्फ लावून बघितला."

"कशासाठी?"

"गंमत म्हणून! अकरा वर्षांत बर्फाला शिवलो नव्हतो. काही नाही झालं. नुसतं गार लागलं. गार लागतं कसं तेच विसरलो होतो." मागून बायको म्हणत होती, "सर्जननं शिव्या घातल्या ते पण सांग."

हे तुझ्या मनावर परिणाम व्हावा म्हणून लिहिलेले नाही. म्हणजे, आहे.

धुके आठवडाभर उतरलेले नाही. सकाळी समोरची घरे अर्धी पुसलेली असतात आणि माणसे कंबरेपासून वरच चालतात. या दिवसांत मला काही सिद्ध करता येईलसे वाटत नाही, आणि विचित्र असे की त्याचा त्रासही होत नाही.

ताई


१० डिसेंबर, दुपार

बारके,

पत्रही नको, असे तू काल बजावलेस. म्हणून हे लिहिते आहे, टाकत नाही. घडले ते सारे तुझ्यासमोर घडले. पण तुझे डोळे बराच वेळ मिटलेले होते, तेवढे भरून काढते.

सोमवारी मी टोकाच्या खिडकीपाशी पाठ करून बसले होते. तू आलीस हे पावलांवरून कळले. अजूनही डावा पाय जरा आधी टाकतेस. नाव पुकारल्यावर तू आत गेलीस. मग दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई कोण? आत बोलावतायत."

तू म्हणालीस, "तिला इथं उभी करा. तिला दिसलं पाहिजे."

एकोणीस वर्षांनी तुझा चेहरा पाहिला तो असा, की तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. केस पिकलेत. आईच्याच जागी पिकलेत, कानांच्या मागे.

डॉक्टरीणबाईंनी टाचणीचे डोके लावले आणि तू ओरडलीस. पुन्हा लावले, पुन्हा ओरडलीस. मग त्यांनी दंडावर पट्टा बांधून हवा भरली. तुझा हात हळूहळू मेणासारखा झाला. त्यांनी टाचणी त्याच जागी ठेवली आणि दाबली. तू डोळे मिटून वाट पाहत राहिलीस.

"लावा की," तू म्हणालीस.

"लावलीय," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे तुला दिसले नाही ते हे. तुझे खांदे खाली आले. अंगठा, जो बोटावर छप्पर धरून होता, आपोआप बाजूला झाला. काचांबाहेरचे धुके, ट्रेमधली कात्री, मी, सगळेच त्या मिनिटात कुठल्याशा खोल पाण्यात स्थिर होते, आणि तू मध्यभागी झोपेतल्या मुलासारखी तोंड किंचित उघडे ठेवून बसली होतीस. मग पट्टा सैल झाला, रक्त परत आले, आणि त्याच्याबरोबर दुखणेही.

"गाठच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोक कापायचं ते पत्र घरी जाऊन फाडून टाका."

फोटोत ती दिसली. काल सर्जननी बोट बधिर करून नख उचलले, खालची कातडी चिरून गाठ सोलून काढली, दोन टाके घातले आणि तेच नख झाकणासारखे परत बसवले. बाहेर येऊन त्यांनी मला छोटी बाटली दाखवली. तांबूस-भुरी, मोहरीहून जरा मोठी. "आख्खी निघाली. तपासायला पाठवतो, पण साधी आहे. काळजीचं काही नाही."

मी आत आले तेव्हा तू पलंगाच्या कडेला बसली होतीस, हात उशीवर. मला वाटले, तू हसशील. रंगारी हसला होता.

"किती वेळ लागला?" तू विचारलेस.

"वीस मिनिटे."

"वीस मिनिटं." तू माझ्याकडे पाहिलेस, या खेपेस नीट. "मी पाण्यातलं काम सोडलं. घर सोडलं. बसच्या चौकशीच्या खिडकीत बसून फोन उचलत राहिले, का, तर फोनला उजवा हात पुरतो. बाबा गेले तेव्हा मी दारापर्यंत येऊन परत गेले. वीस मिनिटं, ताई!"

मी एक वाक्य तयार करून आणले होते. ते चांगले होते. मी ते बोलले नाही.

तू रडलीस, आणि रडताना डाव्याच हाताने डोळे पुसायला गेलीस आणि पट्टी नाकाला लागली. "दुखलं?" मी विचारले. तू म्हणालीस, "नाक दुखलं." मावशी दारातून हसली. तू हसली नाहीस.

मग तू म्हणालीस, "ते पान मी ठेवलंय. म्हणजे माफ केलं असं समजू नकोस. नख येईपर्यंत येऊ नकोस. पत्रही नको. डॉक्टर म्हणतात पाच-सहा महिने. नख आलं की बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. सगळ्याचा अर्थ आधी नाही मिळत."

हे मान्य आहे.

ताई


३ जून, सकाळ

बारके,

तुझे कार्ड आज आले. सहा महिन्यांत मी मावशीला तुझ्याबद्दल एकदाही विचारले नाही. तिने न विचारता सांगितले ते ऐकून घेतले. टाके निघाले, जुने नख गळाले, नवे खालून सरकते आहे. मी सकाळी माझ्या नखाच्या मुळाशी पेन्सिलीने खूण करत असे आणि ती किती पुढे गेली ते पाहत असे. खूण धुण्याने जाई, मी पुन्हा करत असे. याला काही पद्धत म्हणता येणार नाही.

तू लिहितेस: "नख आलं. मधून एक रेघ आहे, ती राहील म्हणतात. थंड पाण्याखाली हात धरते, काही होत नाही. मुद्दाम धरते. कागदाचं काम पुन्हा करणार नाही, ते विचारू नकोस. मला फोनवर लोकांना गाड्या सांगायला आवडतं. ये."

विचारणार नाही. परातींचे काय करायचे हा प्रश्न मी तुझ्यासाठी राखून ठेवला होता. तो आज सोडून देते. त्या मीच कोणाला तरी देईन.

गुरुवारच्या गाडीने निघते. दुपारी तीनला पोहोचते; चुकत असेन तर तूच सांगशील, गाड्यांचे तुला अधिक कळते. घ्यायला येऊ नकोस. घरापर्यंतची वाट मावशीकडून समजून घेतली आहे आणि दोन माणसांना विचारून पक्की केली आहे. डिसेंबरात एक पत्र लिहून ठेवले होते, ते आणत नाही. त्यात मी फार बोलले आहे.

दार उघडायला वेळ लागला तरी हरकत नाही, मी उभी राहीन. काय बोलायचे ते या वेळी ठरवलेले नाही. तू दाखवलास तर मला तुझा हात पाहायचा आहे.

ताई